व्यायाम चालू असताना ठोक्यागणिक रक्तदाब: बोटाचा कफ घ्यावा की ईसीजी-पीपीजी?

पेडल_आणि_पारा (सोलापूर)

नमस्कार मंडळी. फिजिऑलॉजी विभागात सायकल एर्गोमीटरवर एक छोटा अभ्यास बसवायचा आहे. निरोगी स्वयंसेवक, वय १८ ते ३५. पट्ट्याच्या ब्रेकची सायकल, मिनिटाला ६० फेरे, दर ३ मिनिटांनी अर्धा किलो ताण वाढवायचा, म्हणजे टप्प्याला साधारण ३० वॅट. पेडल सुरू झाल्या झाल्या पहिल्या अर्ध्या मिनिटात दाब कसा चढतो आणि थांबल्यावर पहिल्या मिनिटात कसा उतरतो, हे बघायचंय. त्यामुळे तीन मिनिटांनी एक आकडा मिळून भागत नाही, प्रत्येक ठोक्याचा दाब हवा. धमनीत नळी घालून मोजायचा विचारच नको, एथिक्स कमिटी दारातूनच परत पाठवेल.

दंडाचं डिजिटल यंत्र पेडलिंग चालू असताना एकतर एरर देतं, नाहीतर बसल्या बसल्याच्या दाबापेक्षाही कमी सिस्टोलिक (वरचा आकडा) दाखवतं. समोर दोन वाटा आहेत. एक, बोटाला कफ लावून सलग दाब दाखवणारं यंत्र, ते दुसऱ्या विभागाकडून पंधरवड्यासाठी मिळू शकतं. दोन, इंजिनिअरिंगच्या मुलांनी जोडलेला बोर्ड: एडी ८२३२ वर ईसीजी, मॅक्स ३०१०२ वर बोटाचा पीपीजी (प्रकाशाने नाडी टिपणारा सेन्सर), दोन्हीला वेगवेगळा ईएसपी ३२ (छोटा कंट्रोलर) आणि ब्लूटूथने लॅपटॉपला. मुलं म्हणतात नाडी बोटापर्यंत पोचायला किती वेळ लागला त्यावरून दाब काढता येतो, कफ लागतच नाही.

बोटाच्या कफचा आकडा व्यायामात धरायचा का? बोर्डावर किती विसंबायचं? आणि मोजणी नेमकी एप्रिलमध्ये पडतेय. सोलापूरचा एप्रिल वेगळा सांगायला नको.

लहरीदाब

बोटाचं यंत्र मिळतंय तर तेच घ्या. त्याच्याकडून चढउतार घ्यायचा, आकडा मात्र दंडावरून बांधून घ्यायचा.

यंत्र करतं काय, ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे कुठे फसवतं ते कळेल. मूळ पद्धत झेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पेन्याझ यांनी १९७३ मध्ये मांडली. कफमध्ये एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर फोटोडायोड. बोटातून पलीकडे किती प्रकाश पोचला त्यावरून धमनीत रक्त किती ते कळतं. ठोका आला आणि धमनी फुगू लागली की व्हॉल्व्ह लगेच कफमधली हवा वाढवतो, ओसरली की कमी करतो. धमनीचा आकार असा एका मापावर धरून ठेवला जातो. ते माप बरोबर निवडलेलं असेल, म्हणजे भिंतीवर आतून आणि बाहेरून सारखाच दाब असेल, तर कफमधला दाब हाच धमनीतला दाब. सगळी भिस्त त्या मापावर. व्यायाम सुरू झाला की बोटांच्या धमन्या आधी आवळतात, अंग तापलं की सैलावतात, आणि माप सरकतं.

म्हणून वेसेलिंग यांच्या डच गटाने फिजिओकॅल नावाची जुळणी बसवली. यंत्र दोन-चार ठोके मोजणी थांबवतं, कफचा दाब स्थिर धरून नाडीचा आकार बघतं आणि माप नव्याने ठरवतं. सुरुवातीला दर १० ठोक्यांनी, सगळं स्थिरावलं की ७० ठोक्यांपर्यंत अंतर वाढवत नेतं. तुमच्या यंत्रात नाव किंवा रीत वेगळी असू शकते, मेनूत शोधा.

तुमच्या अभ्यासाची गोम इथेच आहे. नेमकं पेडल सुरू होताना जुळणी आली तर तुम्हाला हवे ते ठोके गेले. तेव्हा असं करा: बसलेल्या अवस्थेत जुळणीचं अंतर ३० ठोक्यांच्या वर जाईपर्यंत थांबा. जात नसेल तर कफ सैल आहे किंवा बोट गार आहे, पुढे जाऊच नका. अंतर गाठलं की पेडलच्या १० सेकंद आधी जुळणी बंद, पहिला मिनिट तशीच, मग चालू. थांबतानाही हेच. पण बंद ठेवून पाच-सात मिनिटं रेटू नका. दाब हळूहळू सरकत जातो आणि आलेख इतका छान दिसतो की खराच वाटतो.

हाताचं सांगतो. कफ लावलेल्या हाताने हँडल धरायचं नाही म्हणजे नाही. मूठ आवळली की कफ आतून दाबला जातो, पुढच्या हाताचे स्नायू शिरा पिळतात, आणि मूठ आवळण्यानेच दाब खरोखर चढतो, तो तर वेगळाच घोटाळा. डावा हात गळ्यातल्या झोळीत, तळवा छातीला टेकलेला, बोटं सैल. कफ मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर. अंगठी काढा. कफच्या वायरला झोळीवरच चिकटपट्टीने एक वेटोळं द्या, म्हणजे ओढ बोटावर येत नाही. व्हॉल्व्हची डबी मनगटावरच बांधायची, कारण हवेची नळी लांबली की हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा (सर्व्हो) मंदावते आणि सिस्टोलिकचं टोक बोथट होतं.

उंचीची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. हात हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला की दाब ७.८ मिमीने (पाऱ्याच्या) जास्त दिसतो, वर गेला की तेवढाच कमी. दमलेला माणूस पुढे वाकतो, खांदा उतरतो, आणि १० सेंटिमीटर कधी गेले कळतही नाही. यंत्राबरोबर उंचीची द्रवभरली नळी असेल तर तिचं एक टोक कफजवळ आणि दुसरं छातीवर, चौथ्या बरगडीफटीच्या पातळीला लावा. लावण्याआधी दोन्ही टोकं एकत्र धरून शून्य करा. नळीत बुडबुडा असेल तर उंचीचं वाचन लटकतं. टोक वर-खाली १० सेंटिमीटर हलवून ७-८ मिमीचा फरक येतो का बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता आकडा. हृदयापासून लांब जावं तशी नाडीची लाट टोकदार होते. तरुण माणसात व्यायामाच्या वेळी बोटातलं सिस्टोलिक दंडापेक्षा बरंच वर जाऊ शकतं. यंत्र बोटाच्या लाटेवरून दंडाची लाट बांधून देतं खरं, पण ते गणित मुख्यतः विश्रांतीतल्या लाटांवर बसवलेलं असतं. म्हणून तीनशे वॅटवर २४० दिसलं तर घाबरूही नका आणि तसंच छापूही नका. सरासरी दाब सिस्टोलिकपेक्षा जास्त भरवशाचा.

एक बारीक गोष्ट: कफचा दाब सतत सरासरी दाबाच्या आसपास असतो, म्हणून रक्त परत जाताना अडतं आणि बोटाचं टोक निळसर होतं. कफ काढल्यावर जातं. तरी अर्ध्या-पाऊण तासाने बोट बदला, आणि स्वयंसेवकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर निळं बोट बघून तो सायकलवरून उतरेल.

कान_देऊन_ऐका

वरच्या उत्तरात 'दंडावरून बांधून घ्या' एवढंच आलंय, ते कसं करायचं ते लिहितो. टीएमटीच्या (ट्रेडमिलवरच्या हृदय-चाचणीच्या) खोलीत रोजचं काम आहे हे.

डिजिटल यंत्र का चुकतं? ते आवाज ऐकत नाही, कफमधल्या हवेची थरथर बघतं. थरथर सगळ्यात मोठी असते तिथे सरासरी दाब, आणि सिस्टोलिक-डायस्टोलिक (वरचा-खालचा आकडा) सूत्राने काढलेले. स्नायूची थरथर आणि नाडीची थरथर त्याला एकच. म्हणून चालू व्यायामात कान आणि स्टेथोस्कोपच. ईसीजीच्या आर लाटेला (प्रत्येक ठोक्याच्या उंच शिखराला) धरून कफखालच्या मायक्रोफोनने आवाज टिपणारी यंत्रं खास व्यायाम-चाचणीसाठी मिळतात, बजेट असेल तर चांगलीच, पण तुमच्या कामाला कान पुरे.

कफ दुसऱ्या, म्हणजे उजव्या दंडावर. बोटाच्या कफच्याच हातावर दंडाचा कफ फुगवलात तर बोटाचं रक्त बंद आणि रेकॉर्डिंगही बंद. पण मग दोन्ही दंडांचा दाब आधी बसवून तपासा. फरक १० मिमीच्या वर निघाला तर त्या माणसाला बाजूला ठेवा. आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के, रुंदी ४० टक्के. व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांचे दंड ३४-३५ सेंटिमीटरचे असतात, त्यांना मधला कफ लावलात की दाब उगाच चढा दिसतो. मोठा कफ जवळ ठेवा. कफची खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन बोटं वर. खळगीत नाडी चाचपून त्या जागी पेनाने खूण करा आणि स्टेथोस्कोपची चकती पट्टीने चिकटवून टाका. चालू व्यायामात नाडी शोधत बसायला वेळ नसतो. नळ्या कफच्या कडेला घासू देऊ नका, तो खरखर आवाज पहिल्या ठोक्यासारखाच वाटतो.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या मिनिटात मोजा. स्वयंसेवकाने हँडल सोडायचं, मदतनीसाने हात कोपराखाली धरून हृदयाच्या पातळीला आणायचा, हात पूर्ण सैल. मागच्या टप्प्याच्या सिस्टोलिकपेक्षा ३० मिमी वर फुगवा, सेकंदाला २ ते ३ मिमीने सोडा. नाडी १५० असेल तर ३ मिमीच्या वेगानेही ठोक्याला १.२ मिमीच उतरतं, म्हणजे वाचन बारीक येतं. त्याच वेगात ६० नाडीवर ठोक्याला ३ मिमी जातं, म्हणून विश्रांतीत हळू सोडा.

डायस्टोलिक ऐकून धरू नका. तरुण माणसात जोरात व्यायाम चालू असताना आवाज शून्यापर्यंत ऐकू येत राहतो. आवाज मंदावतो तो आकडा लिहून ठेवा हवं तर, पण तो आधार म्हणून कच्चा.

आणि 'थांबा, दाब घेतो, मग पुढे चला' हे अजिबात नको. थांबल्यावर दाब काही सेकंदांत घसरू लागतो. तुमचा अभ्यासच त्या घसरणीचा आहे.

आकडे कितपत यायला हवेत याचा अंदाज: सिस्टोलिक दर मेटला (१ मेट म्हणजे नुसतं बसून शरीर वापरतं तेवढी ऊर्जा) साधारण १० मिमीने वाढतं. ७० किलोच्या माणसाला ३० वॅट म्हणजे जवळपास १.३ मेट. म्हणजे टप्प्याला १०-१५ मिमी. मधेच ४० ने उडी मारली तर आधी हात कुठे आहे ते बघा.

आर_शिखर

बोर्डाबद्दल मी लिहितो. मुलांचा उत्साह मोडायचा नाही, पण या रूपात तो बोर्ड दाब मोजत नाही.

आधी घड्याळ. ईसीजी एका चिपवर, पीपीजी दुसऱ्यावर, प्रत्येकाचा स्फटिक वेगळा. दोघांच्या गतीत लाखात ५ चा फरक असला, जो स्वस्त बोर्डात सहज असतो, तर २० मिनिटांत ६० मिलिसेकंद सरकतात. पूर्ण व्यायामात नाडी पोचायच्या वेळेत जो बदल मोजायचाय तोच काही दहा मिलिसेकंदांचा आहे! वर ब्लूटूथची पाकिटं कधीही उशिरा येतात, लॅपटॉपने ती आल्याची वेळ लावली तर झालंच. दोन्ही सेन्सर एकाच ईएसपी ३२ वर, एकाच टायमरच्या इंटरप्टवर घ्या आणि वेळ तिथेच शिक्का मारून पाठवा.

मॅक्स ३०१०२ च्या आत ३२ नमुन्यांची रांग असते. उदाहरणातला तयार कोड १०० हर्ट्झवर चालतो आणि रांग भरली की वाचतो. म्हणजे रांगेतला सगळ्यात जुना नमुना सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका शिळा. नमुना तयार झाल्याचा इंटरप्ट वापरा. १०० हर्ट्झ म्हणजे १० मिलिसेकंदांचे टप्पे, ते पुरत नाही. ईसीजी १००० हर्ट्झ, पीपीजी निदान ४०० आणि लाटेच्या पायथ्यापाशी इंटरपोलेशन. पायथा म्हणजे सगळ्यात खालचा बिंदू नव्हे, तो गोंगाटात भटकतो. चढाच्या सगळ्यात तीव्र जागी स्पर्शरेषा काढा, ती तळाच्या आडव्या रेषेला छेदते तो क्षण धरा. फिल्टर दोन्ही दिशांनी चालवा, नाहीतर ईसीजी आणि पीपीजीचे फिल्टर वेगवेगळा उशीर लावतात आणि तुम्ही तोच मोजत बसता.

हे सगळं दुरुस्त केलंत तरी खरा पेच पुढे आहे. आर लाट म्हणजे हृदयाला मिळालेला विजेचा इशारा. महाधमनीची झडप त्यानंतर उघडते. विश्रांतीत या मधल्या काळाला साधारण १०० मिलिसेकंद लागतात, आणि व्यायामात हृदय जोरात आकुंचन पावू लागलं की तो काही दहा मिलिसेकंदांनी घटतो. म्हणजे आर लाटेपासून बोटापर्यंतचा वेळ कमी झाला यातला मोठा वाटा धमनीचा नाहीच, हृदयाचा आहे. सायकलवर दाब आणि हा वेळ एकत्र हलतात म्हणून आलेख झकास जुळतो. त्याच माणसाच्या हातात मूठ आवळायचं यंत्र देऊन ताकदीच्या ३० टक्क्यांवर दोन-तीन मिनिटं धरायला सांगा. दाब चढतो, पण झडप उघडायला आता जास्त दाब ओलांडावा लागतो म्हणून मधला काळ उलट लांबू शकतो. सायकलवरचं सूत्र तिथे कोलमडतं. थांबल्यानंतरही दाब आणि वेळ वेगवेगळ्या वाटेने परततात, चढताना जो बिंदू होता तो उतरताना नसतो. आणि तुम्हाला तर उतरणच मोजायची आहे.

याहून मुळातली गोष्ट: लाटेचा पायथा धमनीतून धावतो तेव्हा आत डायस्टोलिक दाब असतो. भिंतीचा ताठपणा त्या दाबाला ठरतो. सायकलवर डायस्टोलिक जवळपास जागेवर राहतं किंवा किंचित उतरतं, सिस्टोलिक मात्र चढत जातं. मग पायथ्याच्या वेगावरून सिस्टोलिक ओळखायचं कशाच्या जोरावर? बहुतेक वेळा हृदयगतीच्या जोरावर.

म्हणून एक साधी परीक्षा घ्या. फक्त हृदयगतीवरून सिस्टोलिकचा अंदाज काढा. मग त्यात नाडीचा वेळ मिसळा. चूक किती कमी झाली? व्यायामात हृदयगतीच इतकं सांगून जाते की बोर्डाने भर काय घातली ते इथे उघडं पडतं. कफविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी या परीक्षेला बसवायला हव्यात. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेतही कफविरहित उपकरणं निदानासाठी किंवा उपचारासाठी वापरू नयेत असंच म्हटलंय.

बोर्ड फेकू नका. छातीच्या हाडावर एक ॲक्सेलरोमीटर लावा, झडप उघडल्याचा धक्का त्यात दिसतो. विश्रांतीत आणि थांबल्यावर स्वच्छ, पेडलिंगमध्ये गढूळ. किंवा कानाच्या पाळीला दुसरा पीपीजी लावून कान आणि बोट यांच्यातला फरक घ्या, हृदयाचा तो हिस्सा बराचसा वजा होतो. मुलांचा प्रकल्प म्हणून उत्तम. दाब म्हणून बोटाचा कफच.

शिवाय एडी ८२३२ माणसाला जोडलेला असताना लॅपटॉप चार्जरवर नको. बॅटरीवरच. यावर वाद नाही.

पेडल_आणि_पारा

आभार, डोळे उघडले. बोटाचं यंत्र घेतोय, बोर्ड बाजूने चालू ठेवतो. बोटाचा कफ लावून, पट्ट्याला ताण न देता नुसती चाचणी घेतली, म्हणजे भार शून्य. दाबाच्या लाटेत ठोक्यांशिवाय आणखी एक लहर दिसते, सेकंदाला दोनदा. नाडी तेव्हा ९५ च्या आसपास. फिल्टर करून टाकू का?

आर_शिखर

ती पायांची आहे. ६० फेरे म्हणजे सेकंदाला एक, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन पाय खाली येतात, म्हणून २ हर्ट्झ. आत्ता नाडी ९५ आहे, म्हणजे १.६ हर्ट्झ, म्हणून वेगळी दिसतेय. भार वाढून नाडी १२० ला पोचली की ती बरोबर २ हर्ट्झ होईल आणि दोन्ही एकमेकांत मिसळतील. त्या जागी लावलेला फिल्टर नाडीच खाऊन टाकेल. अडॅप्टिव्ह फिल्टरला हाताच्या ॲक्सेलरोमीटरचा संदर्भ दिला तरी वारंवारता जुळल्यावर तोही हेच करतो.

फिल्टर नको, सरासरी घ्या. ईसीजीवरून ठोका ठरवा, ठोक्यागणिक सिस्टोलिक, सरासरी, डायस्टोलिक काढा, आणि स्थिर टप्प्यात १५-३० ठोक्यांची सरासरी. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात इतकी लांब सरासरी चालणार नाही, तिथे तीच सुरुवात तीन वेळा करून, मध्ये पुरेशी विश्रांती देऊन, पेडलच्या क्षणाला जुळवून एकावर एक ठेवा. पायांची लहर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडते, बरीच पुसली जाते. त्यासाठी पेडलवर एक चुंबक आणि रीड स्विच लावा, पहिला फेरा कधी झाला ते त्याच रेकॉर्डिंगमध्ये आलं पाहिजे. 'सुरू करा' म्हटल्याची वेळ चालत नाही, माणूस कधी अर्ध्या सेकंदाने सुरू करतो, कधी दोनने.

लहरीदाब

पाय हलल्याने झोळी हिंदकळत असेल तर त्या लहरीचा काही भाग उंचीतलाही असेल. झोळी छातीशी एका रुंद पट्ट्याने बांधून बघा, लहर लहान झाली तर तेच. राहिली ती बऱ्याच अंशी खरी असू शकते, मांड्यांचे स्नायू प्रत्येक दाबाला रक्त ढकलतात.

सातरस्ता_बायोमेडिकल

एप्रिलचं बघा की ओ, त्यावर कुणी बोललंच नाही!

बाहेर ४२, आत एसी १८ वर, आणि पोरगं दुपारी मोटरसायकलवरून आलेलं. हात तापलेले, मग एसीत बसल्यावर गार. बोटाची धमनी या दोन टोकांमध्ये झोके घेते आणि जुळणी कधी स्थिरावतच नाही. खोली २४-२५ वर धरा, एसीचा झोत हातावर नको, आल्यावर वीस मिनिटं नुसतं बसवा, पाणी द्या. चहा-कॉफी, तंबाखू, सिगारेट आधीचे काही तास बंद, हे आदल्या दिवशीच फोनवर सांगा. शक्यतो सगळ्यांना सकाळी एकाच वेळेला बोलवा. एप्रिलच्या दुपारचा आणि सकाळचा माणूस एक नसतो. पंखा लागेल, नाहीतर घामाने दाबच बदलेल, पण तो पाठीमागून आणि सगळ्यांना सारखा.

ईसीजीचे इलेक्ट्रोड हातापायांवर लावू नका, मेसन-लाइकर पद्धतीने धडावर लावा. केस काढून, स्पिरिटने पुसून, सुकवून, मग चिकटवा. घाम सुटल्यावर पुन्हा चिकटवायला गेलात तर चिकटत नाहीत. स्वयंसेवक यंत्रमागावर काम करणारे असतील तर बोटांना घट्टे असतात, कफ नीट बसेल ते बोट निवडा, पण कोणतं बोट ते लिहून ठेवा आणि पुन्हा बोलावलंत तर तेच घ्या. वीज गेली की बोटाचं यंत्र पुन्हा पहिल्यापासून जुळणी सुरू करतं, तेव्हा यूपीएसवर. पण एर्गोमीटरचा पंखा त्याच यूपीएसवर नको, मोटरचा गोंगाट ईसीजीत येतो.

कान_देऊन_ऐका

सुरक्षेचं राहिलं. बसून दाब सिस्टोलिक २०० च्या किंवा डायस्टोलिक ११० च्या वर असेल तर सुरूच करायचं नाही. चालू असताना २५० किंवा ११५ च्या वर गेलं तर थांबवा. भार वाढवल्यावर सिस्टोलिक १० मिमीहून जास्त घसरलं तरी थांबवा. पण हे निर्णय कानाने घेतलेल्या दाबावर, बोटाच्या पडद्यावर नाही. बोट गार पडलं तरी पडद्यावर दाब घसरलेला दिसतो. खरी घसरण आणि बोटाची घसरण यांतला फरक करायला पाच सेकंदांत नाडीच्या लाटेची उंची बघा: लाट चपटी होत चालली असेल तर बोट, लाट उभी आहे आणि सगळी खाली सरकतेय तर आधी उंची बघा, तीही बरोबर असेल तर लगेच थांबवून दंडावर मोजा. डॉक्टर खोलीत, डिफिब्रिलेटर जवळ. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमतीपत्र मराठीत तर हवंच, आणि तुमच्याकडे येणाऱ्यांत तेलुगू-कन्नड बोलणारे असतील तर त्या भाषांतही.

पेडल_आणि_पारा

शेवटचा प्रश्न. दंडाचे आकडे टप्प्याला एक, बोटाचे शेकडो. बांधायचे कसे?

लहरीदाब

दंडाचा कफ फुगवायच्या आधीचे १० सेकंद बोटाची सरासरी घ्या, फुगवत असतानाचे ठोके नको. प्रत्येक टप्प्याला फरक काढा. फरक टप्प्यागणिक वाढत जाईल, म्हणून एकच आकडा सगळीकडे वजा करू नका, दोन टप्प्यांच्या मध्ये सरळ रेषेने वाटून द्या. सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटाला विश्रांतीतला फरक लावा आणि निकाल बदल म्हणूनच मांडा, म्हणजे 'विश्रांतीपेक्षा इतक्या मिमीने वर'. थांबल्यानंतरच्या मिनिटाला शेवटच्या टप्प्याचा फरक, पण तिसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा दंडावर मोजून तो अजून लागू आहे का बघा.

ब्लँड-ऑल्टमन (दोन पद्धतींचे आकडे किती जुळतात ते दाखवणारा आलेख) काढणार असाल तर एका माणसाचे सहा टप्पे म्हणजे सहा माणसं नव्हेत, पुनरावृत्त मोजणीची रीत वापरा. नेहमीच्या कफयंत्रांना आयएसओ ८१०६०-२ मध्ये सरासरी चूक ५ आणि प्रमाण विचलन ८ मिमीच्या आत लागतं. ती कसोटी विश्रांतीत एकेक वाचन घेणाऱ्या कफसाठी आहे. सलग मोजणाऱ्यांना २०२२ पासून वेगळा भाग आहे, ८१०६०-३, तो वाचून घ्या. प्रबंधात 'व्यायामातली अचूकता' असं लिहायच्या आधी दोन्ही उघडा.

आणि कफचे मधले व मोठे असे दोन्ही आकार मागून घ्या. यंत्र देणारे बहुतेक वेळा एकच पाठवतात.